समजून घ्या : ‘पझल हंट’साठी हाताने सोडवायचं कोडं कसं तयार करतात?

कागदाच्या चार लांब पट्ट्या, त्यावर सुटी अक्षरं आणि कमी-जास्त जाडीच्या चार काठ्या. सूचना एकही नाही. ‘पझल हंट’मधलं कोडं असंही असू शकतं.

पझल हंट म्हणजे काय?
टीमने मिळून कोड्यांची मालिका सोडवायची. अमेरिकेतल्या एमआयटीची ‘मिस्टरी हंट’ १९८१मध्ये सुरू झाली. तिथे लपवलेलं नाणं शोधणारी टीम जिंकते आणि पुढच्या वर्षीची कोडीही तीच तयार करते.

पट्टीचं गुपित काय?
कोरी पट्टी काठीभोवती तिरकी गुंडाळा. काठीच्या लांबीने, दर वेढ्यावर एक अक्षर लिहा. पट्टी उलगडून मधल्या जागा इतर अक्षरांनी भरा. आता त्याच जाडीची काठी मिळाली तरच शब्द जुळतो. ही युक्ती प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाची मानली जाते. मराठीत मात्र ‘ख्या’सारखं जोडाक्षर तोडू नका.

चार पट्ट्या कशाला?
एकच पट्टी दिली तर एक जण गुंडाळतो, बाकीचे बघत बसतात. चार असल्या की सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. समजा, शब्द निघाले : मुख्याध्यापक, हजेरीपट, मधली सुट्टी, प्रगतिपुस्तक. उत्तर : शाळा. ते पटतं, म्हणून टीम बिनधास्त पुढे जाते.

शेवटची पायरी कोणती?
चाचणी. उत्तर माहीत असलेल्याला स्वतःचं कोडं सोपंच वाटतं. म्हणून ते नवख्या मित्रांना द्या आणि गप्प बसा. सगळे एकाच जागी अडले, तर चूक त्यांची नाही, कोड्याची आहे.