फॉग लॅम्प लागत नाही? आधी ‘टक्’ ऐका!

घाटातल्या धुक्यात जुन्या पद्मिनीचे फॉग लॅम्प रुसले, की बरेचजण रिले काढून वायर थेट स्विचला जोडतात. तसं करू नका. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 9 अँपिअरहून जास्त करंट खेचतात. छोटा स्विच तापून वितळतो.

मी आधी कान लावतो. स्विच दाबताच रिले ‘टक्’ वाजला, तर स्विच आणि 85-86 ची कॉइल ठीक. मग टेस्ट लॅम्प घ्या. 30 वर सप्लाय नाही? फ्यूज बघा. 30 वर आहे, 87 वर नाही? रिले बदला. दोन्हीकडे आहे? पुढची वायर, बल्ब आणि गंजलेलं अर्थिंग तपासा. ‘टक्’च नाही, तर स्विचपासून कॉइलपर्यंत शोधा.

आणि फ्यूजच्या जागी तार? कधीच नाही! दिव्यापायी गाडी पेटेल.