साडेसात दिवस जुनी फाइल ‘सात दिवसांपेक्षा जुनी’ का ठरत नाही? ‘फाइंड’ कमांडचा घोळ समजून घ्या

सर्व्हरवरच्या जुन्या लॉग फाइल्स रोज रात्री आपोआप डिलीट करण्यासाठी लिनक्सवर ‘फाइंड’ ही कमांड सर्रास वापरली जाते. त्यात ‘-एमटाइम +७’ लिहिलं की सात दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स सापडतात, असा बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात साडेसात दिवसांची फाइल त्यात येतच नाही. तिला पूर्ण आठ दिवस व्हावे लागतात.

नेमकं काय होतं?

‘+’ म्हणजे दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त, ‘-’ म्हणजे कमी. इथवर सगळं सरळ आहे. पण ‘फाइंड’ आधी फाइलचं वय २४ तासांच्या हिशेबात मोजते आणि वरचे तास सोडून देते. साडेसातचे झाले सात, आणि सात काही सातपेक्षा जास्त नाहीत! जीएनयूच्या मॅन्युअलमध्ये हा खुलासा आहे, पण ‘-एटाइम’ या वेगळ्याच ऑप्शनखाली. ‘-एमटाइम’समोर फक्त ‘तिकडे पाहा’ असं म्हटलंय. घाईत असलेला माणूस कशाला तिकडे जातोय?

मॅकवर आणखी गंमत. तिथली ‘फाइंड’ बीएसडी घराण्यातली. ती अपुरा दिवस पूर्ण धरते, म्हणजे साडेसातचे आठ. त्यामुळे मॅकवर तपासलेली कमांड लिनक्स सर्व्हरवर गेली की फाइल्स एक दिवस जास्त राहतात. ग्राहकांचा डेटा सात दिवसांत पुसण्याची अट असेल, तर हा एक दिवस महागात पडू शकतो.

फाइलच्या साइजचं तर उलटंच. ‘-साइज -१एम’ म्हणजे एक एमबीपेक्षा लहान फाइल्स, असं वाटतं. पण इथे लिनक्सवरची ‘फाइंड’ही आकडा वर नेते. एका बाइटची फाइलसुद्धा एक एमबी धरली जाते, आणि हाती लागतात फक्त रिकाम्या फाइल्स.

‘+७ म्हणजे किमान आठ पूर्ण दिवस’ एवढं एक उदाहरण त्याच ओळीत दिलं असतं, तरी अनेकांचा ताप वाचला असता.

तोवर काय करायचं?

नेमके सात दिवस हवे असतील तर मिनिटांत मोजणारा ‘-एममिन +१००८०’ वापरा. डिलीट करण्याआधी तीच कमांड ‘-प्रिंट’ लावून चालवा आणि यादी डोळ्यांखालून घाला. यादी बरोबर असेल तरच ‘-प्रिंट’च्या जागी ‘-डिलीट’ लिहा, तेही सगळ्यात शेवटी. अटींच्या आधी लिहिलं, तर त्या फोल्डरमधलं सगळंच पुसायला सुरुवात होते.