‘टेन्शन’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजींतून आपल्या घरांत आलेल्या शब्दांची मोजदाद करूं गेल्यास ती एका लेखांत पुरी व्हावयाची नाहीं. टेबल, बस, पेन हे शब्द वस्तूंबरोबर आले. वस्तु नवी, म्हणून शब्दही नवा, यांत तक्रारीस जागा नाहीं. परंतु ज्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत्या व ज्यांना स्वतःचीं नांवें होतीं, त्यांच्या जागीं परका शब्द येऊन बसला म्हणजे त्याची थोडी चौकशी करणें प्राप्त होतें. ‘टेन्शन’ हा अशांपैकीं एक. नातवाला परीक्षेचें टेन्शन, सूनबाईंना कचेरींतल्या साहेबांचें टेन्शन, पाऊस लांबला कीं शेतकऱ्याला टेन्शन. आणि ज्यांनीं इंग्रजीचें एक अक्षर गिरविलें नाहीं त्या माजघरांतल्या आजीबाईही नात वेळेवर परतली नाहीं तर ‘मला बाई टेन्शनच आलं’ असें म्हणतात.

या चौकशीला एक घरगुती कारण घडलें, तें प्रथम सांगतों. मानवतकडील माझा एक जुना विद्यार्थी, आतां चार-पांच एकरांत कापूस करणारा, दोन वर्षांपूर्वीं घरीं आला. चेहरा उतरलेला दिसला म्हणून मीं विचारलें, “काय रे, बरा आहेस ना?” तो म्हणाला, “काय सांगू गुरुजी, लई टेन्शन हाय.” मीं वडीलकीच्या थाटांत उत्तर दिलें, “टेन्शन घेऊं नकोस. होईल सगळें नीट.” त्यानें मान हालविली, चहा घेतला, पायां पडला व गेला. महिन्याभरानें त्याचा भाऊ बाजारांत भेटला, तेव्हां कळलें कीं, कर्जाचा हप्ता व मुलीच्या कॉलेजची फी या दोहोंची तारीख एकाच पंधरवड्यांत पडली होती. फी दोन वेळां मिळून घ्यावी, असा अर्ज माझ्याकडून लिहून घेण्यास तो आला होता. अखेर त्यानें बैलजोडी विकली. अर्ज लिहिण्यास मला घटकाभरही लागली नसती. पण ‘टेन्शन घेऊं नकोस’ या तीन शब्दांनीं मीं त्याचें तोंड बंद करून टाकलें होतें. तेव्हांपासून हा शब्द मला टोचत आहे.

आतां शब्दाचें कूळ पाहूं. इंग्रजी ‘टेन्शन’ हा शब्द लॅटिन ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणें या क्रियापदापासून निघाला. संस्कृत शिकलेल्या वाचकांस येथें ‘तन्’ धातु आठवल्यावांचून राहणार नाहीं. तनोति म्हणजे पसरतो, ताणतो. आठव्या गणाला तनादि हें नांव याच धातूवरून मिळालें आहे. हें साम्य योगायोगाचें नव्हे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमापासून निघाल्या असाव्या, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें प्रतिपादिलें व पुढील भाषाशास्त्रज्ञांनीं तें साधार दाखविलें. ‘तन्’पासून तंतु, वितान, संतति हे शब्द झाले आणि आपला ‘ताण’ही झाला. तेव्हां ‘ताण’ व ‘टेन्शन’ हे एकमेकांचे चुलत भाऊ होत. हजारों वर्षांपूर्वीं घर सोडून गेलेला भाऊ परक्या पोषाखांत दारीं आला आणि आपण त्याला पाहुणा समजून ओसरीवर बसविलें, असा हा प्रकार आहे.

परंतु कूळ एक असलें तरी वागणूक निराळी असूं शकते. इंग्रजींत टेन्शन हा शब्द मुख्यतः दोन टोकांमध्यें ताणलेल्या वस्तूविषयीं योजतात. दोरीचें टेन्शन, तारेचें टेन्शन. दोन राष्ट्रांत किंवा दोन भावांत बेबनाव झाला, तर त्यांच्या ‘मधल्या’ टेन्शनविषयीं ते बोलतात. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या वाहिनीला ‘हाय टेन्शन’ म्हणतात, तेथें तो विजेच्या दाबाचा वाचक आहे. मनुष्याच्या मनाला लागलेल्या घोराविषयीं मात्र इंग्रज बहुधा ‘वरी’, ‘अँग्झायटी’ किंवा ‘स्ट्रेस’ असे शब्द वापरतो. ‘टेन्शन घेऊं नका’ हें वाक्य जसेंच्या तसें इंग्रजींत केलें, तर लंडनच्या माणसाला त्याचा बोध होण्यास क्षणभर लागेल. हा प्रयोग आपल्या देशांतला आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. सासरीं आलेल्या मुलीनें नवें नांव घ्यावें, तसा उसना शब्द नव्या घरीं नवा अर्थ घेतो.

वावगें आहे तें त्या ‘घेणें’ या क्रियापदांत. आपलीं जुनीं वाक्यें पाहा: मला काळजी वाटते, त्याला घोर लागतो, तिला धास्ती बसते, आईला हुरहूर लागते. या सर्वांत माणूस चतुर्थींत आहे. म्हणजे ती वस्तु त्याच्याकडे चालून येते. ‘तो टेन्शन घेतो’ असें म्हणतांच तोच माणूस प्रथमेंत, कर्त्याच्या आसनावर जाऊन बसतो. जणूं बाजारांतून भाजी घ्यावी तसें त्यानें टेन्शन विकत घेतलें. दोष त्याचा, आणि टाकून देणेंही त्याच्याच हातीं! ‘मला टेन्शन आलें’ असेंही आपण म्हणतों, नाहीं असें नाहीं. परंतु उपदेश करतांना हटकून ‘घेऊं नकोस’ हेंच तोंडीं येतें. गंमत अशी कीं, मराठींत ‘काळजी घेणें’ असाही एक प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ जपणें, सांभाळणें असा होतो. काळजी ‘करूं’ नये, पण ‘घ्यावी’, हा सूक्ष्म विवेक आपल्या आज्यांनीं भाषेंत जपून ठेविला होता. नव्या शब्दाबरोबर ‘घेणें’ राहिलें आणि जपणें गेलें.

परक्या शब्दांचें आम्हां मराठवाड्यांतल्या लोकांना वावडें नाहीं. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. कचेरीची भाषा उर्दू व वरच्या शिक्षणाचीही उर्दूच. त्या काळांतली ‘फिकीर’ आमच्या घरांत अजून नांदते. मूळ अरबी ‘फिक्र’ म्हणजे विचार; आपल्या ‘चिंता’ शब्दाचाही पहिला अर्थ विचार हाच. दोन निरनिराळ्या कुळांतल्या भाषांनीं विचाराचाच पुढें घोर केला, हें विलक्षण खरें. पण फिकीर आली ती इतर शब्दांच्या पंक्तींत बसली. तिनें कोणाला उठविलें नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं होते ती धाकधूक. मूल वेळेवर घरीं न परतल्यास लागतो तो घोर. पैशाची तोंडमिळवणी करतांना पडते ती विवंचना. लेक सासरीं गेल्यावर लागते ती हुरहूर. करावयाचें राहून गेलें म्हणून सलते ती रुखरुख. आणि नोकरी व घर यांच्यामध्यें सूनबाईंची होते ती ओढाताण. यांतला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्यास पुढचें पाऊल सुचवितो. धाकधूक असेल तर पाठीवरून हात फिरवावा, विवंचना असेल तर हिशेबाची वही काढावी, ओढाताण असेल तर स्वयंपाकघरांतलें एक काम आपण उचलावें. या सगळ्यांच्या जागीं ‘टेन्शन’ म्हटलें म्हणजे ऐकणाऱ्यास करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मग तो ‘घेऊं नकोस’ म्हणून मोकळा होतो.

या शब्दाचा आणखी एक घोटाळा वृद्ध मंडळींनीं ध्यानांत ठेवावा. डॉक्टर ‘हायपरटेन्शन’ म्हणतात, तेव्हां त्यांना रक्ताचा दाब अभिप्रेत असतो. साधारणतः १४०/९० च्या वर तो वारंवार आढळला म्हणजे हें नांव देतात. येथला ‘टेन्शन’ रक्तवाहिन्यांतला आहे, मनांतला नव्हे. “मुलें मार्गीं लागलीं, मला कसलें आलें आहे टेन्शन?” असें म्हणून गोळ्या बंद करणारे लोक मीं पाहिले आहेत. पूर्ण निश्चिंत माणसाचाही दाब वाढूं शकतो व पुष्कळदां त्याचें कांहींच लक्षण जाणवत नाहीं. डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळी सोडूं नये.

मग उपाय काय? माझ्या लहानपणीं आमच्याकडे विहिरींवर मोटा चालत. भरलेली मोट वर येतांना बैल धावेवरून खालीं उतरत आणि नाडा असा ताठ होई कीं, हात लावण्याची भीति वाटावी. मोट थारोळ्यांत रिती झाली, बैल मागें सरूं लागले, कीं तोच नाडा सैल पडे. त्या ताणानेंच पाण्याला वर आणलें, म्हणून ताण स्वतः वाईट नव्हे. पण मोटकरी नाड्याला ‘तूं ताठ होऊं नकोस’ असें कधीं सांगत बसला नाहीं. एका टोकाला मोट किती भरली आहे व दुसऱ्या टोकाला बैल किती दमले आहेत, हें तो पाहत असे. दोरी आपणहून ताणली जात नाहीं. तिला दोन टोकें असतात. ‘तन्’ धातूनें शिकविण्यासारखें जें आहे तें हेंच.

म्हणून घरांतल्या कोणींही ‘टेन्शन आहे’ म्हटलें, तर उपदेश करण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: “कशाचें, आणि कोणीकडून?” मराठवाड्यांत कित्येक शेतकरी घरांतील कर्ते पुरुष आत्महत्या करून गेले. अशा घरांत तो प्रश्न वेळेवर विचारला जाणें किती मोलाचें आहे, हें वेगळें सांगावयास नको. घरांतल्यांस बोलवत नसेल तर परक्यापाशीं तरी बोलावें. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे व तेथें मराठींतही बोलतां येतें.

गेल्या दिवाळींत तो विद्यार्थी पुन्हां आला. खुशाली विचारतांच त्याच्या तोंडून सवयीनें तोच शब्द निघाला. या वेळीं मीं वही पुढें ओढली व म्हटलें, “बस. एकेक सांग, मी लिहून घेतों.” त्यानें चार गोष्टी सांगितल्या. तिहींना माझ्यापाशीं उपाय नव्हता. चौथीसाठीं एक अर्ज पुरणार होता. तो मीं तेथेंच बसून लिहिला.