लिस्बनला जाताय? मग हे संग्रहालय चुकवू नका!

लिस्बनमध्ये पिवळी ट्राम आणि बेलेंचा मनोरा सगळेच बघतात. पण त्यातून अर्धा दिवस काढून ‘आझुलेझु’ संग्रहालयात जाच. राणी लिओनोरने १५०९ मध्ये स्थापन केलेल्या मठात हा चकाकत्या रंगीत फरशांचा खजिना आहे. पांढऱ्या झिलईवर हाताने कोबाल्टचा निळा रंग भरून भाजलेल्या फरशा! जवळून पाहिलं की कुंचल्याचा एकेक फटकारा दिसतो.

सगळ्यांत मोलाचं आहे ते १७००च्या सुमाराचं, साधारण २३ मीटर लांबीचं शहराचं चित्र. नदीकाठ, राजवाडा, चर्च, गलबतं, सगळं त्यात आहे. १ नोव्हेंबर १७५५ला भूकंप, त्सुनामी आणि आगीने यातलं कितीतरी नष्ट झालं. तो राजवाडाही गेला. म्हणून या फरशांपुढे मी तरी बराच वेळ रेंगाळतो.

नंतर बायशा भागात फिरा. तिथले सरळ, काटकोनी रस्ते भूकंपानंतरचे. इमारतींच्या भिंतींत धक्के सोसणारा लाकडी सांगाडा घातलेला आहे. शेजारच्या टेकडीवर कार्मु मठाच्या छपराविना उभ्या कमानीही बघा.

आणि गोव्यात गेलात, तर पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात हीच निळी कला भिंतभर भेटेल.