लॅपटॉप जागा व्हायला वेळ का लागतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले, तरी तो सुरू व्हायला फार वेळ घेतो, अशी तक्रार माझ्याकडे बरेच जण करतात. ‘इनिट बदला, म्हणजे झाले’ असा सल्ला त्यांना कुणीतरी आधीच दिलेला असतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

बटण दाबल्यावर आधी फर्मवेअर जागे होते, मग बूट लोडर, मग कर्नल. कर्नल स्वतःचे आवरून एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक एक. हाच इनिट. नेटवर्क, आवाज, प्रिंटर, लॉगिनचा पडदा ही पुढची सगळी मंडळी तोच कामाला लावतो.

‘सिस्टीम फाइव्ह’ या जुन्या पद्धतीत ही कामे एकामागून एक होत. नेटवर्क अडले की मागचे सगळे ताटकळत. स्वयंपाकघरात आपण असे करतो का? कुकर चढवला की शिट्ट्या मोजत बसत नाही. तोवर कणीक मळून होते. २००६ साली उबुंटूत आलेल्या ‘अपस्टार्ट’ने ही वाट धरली. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीवर्स यांचे ‘सिस्टमडी’ आले. त्याची युक्ती पिठाच्या गिरणीसारखी आहे. गिरणी उघडण्याआधीच लोक डबे रांगेत ठेवून आपापल्या कामाला जातात. तसेच सिस्टमडी प्रत्येक सेवेची खिडकी आधीच उघडून ठेवते. निरोप तिथे साठतात आणि सेवा जागी झाली की ते घेते. अ‍ॅपलच्या ‘लाँचडी’त ही कल्पना आधीपासून होती.

फेडोराने २०११ मध्ये, डेबियन आणि उबुंटूने २०१५ मध्ये सिस्टमडी स्वीकारले. डेबियनमध्ये त्यावरून मोठा वाद झाला. एकाच प्रकल्पाच्या हाती इतक्या दोऱ्या नकोत, असे म्हणणाऱ्यांनी ‘देवुआन’ ही वेगळी चूल मांडली.

म्हणजे आज तुमच्या लॅपटॉपवर बहुधा सिस्टमडीच असेल. ते काढून ‘रनइट’सारखे आटोपशीर इनिट घालणारेही आहेत. पण मी म्हणेन, आधी मोजा. ‘सिस्टमडी-अनालाइझ’ ही आज्ञा कर्नलला किती वेळ लागला, सेवांना किती, हे सांगते. नव्या यंत्रांवर फर्मवेअरचा वेळही दाखवते. फर्मवेअरमध्ये गेलेला वेळ इनिट बदलून परत मिळत नाही, कारण तेव्हा इनिटचा जन्मच झालेला नसतो. याच आज्ञेपुढे ‘ब्लेम’ लिहिले की वेळखाऊ सेवांची यादी मिळते. मात्र यादीतली सेवा आळशीच असेल असे नाही. ती दुसऱ्या कुणासाठी थांबलेली असू शकते. ‘क्रिटिकल-चेन’ लिहिले की ही साखळी दिसते. नेटवर्क जोडले जाईपर्यंत थांबणारी सेवा घरच्या लॅपटॉपला बहुधा लागत नाही. ती बंद करता येते. फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो इनिट बदलून क्वचितच पडेल.

तरीही इनिट बदलायचेच असेल, तर आधी आपल्या फायलींची प्रत काढा आणि लिनक्स सुरू करता येईल असा पेनड्राइव्ह जवळ ठेवा. क्रमांक एकच उठला नाही, तर पुढचे कुणीच उठत नाही.

२००८ साली इंटेलच्या दोन अभियंत्यांनी असुसचा छोटा ‘ई-पीसी’ पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी वेळेचे अंदाजपत्रकच आखले होते: कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या कामांना एक, पडद्याला एक आणि डेस्कटॉपला दोन. आपल्याला पाच सेकंद गाठायचे नाहीत. पण आपले सेकंद कोण खातो, ते आधी पाहून घ्यावे.