इन्यो ओसाड कुणी केली?

लॉस एंजेलिसला मुलाकडे, मुलीकडे गेलेली आपली मंडळी हमखास डेथ व्हॅली ‘करून’ येतात. मिठाच्या सपाटीवर फोटो काढायचा, उन्हाच्या नावाने बोटं मोडायची आणि लास वेगास गाठायचं. परतल्यावरचा अभिप्राय ठरलेला: तिथे काहीच नाही. ही दरी ज्या इन्यो काउंटीत येते, तिचं क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर; आपल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. २०२०च्या जनगणनेत माणसं मोजली गेली १९,०१६. एवढ्या माहितीवर कुणीही ‘काहीच नाही’ म्हणेल. मात्र त्यामागची कारणं जी सांगितली जातात, ती तपासायला हवीत.

गैरसमज: पाणी नाही, म्हणून वस्ती नाही.

काउंटीच्या पश्चिम कडेला सिएरा नेवाडाची भिंत उभी आहे. तिच्यावरचं बर्फ वितळलं की ओढे थेट पायथ्याच्या ओवेन्स खोऱ्यात उतरतात. पायूट लोक गोरे वसाहतवाले येण्याच्या आधीपासून या ओढ्यांचे पाट काढून खाण्याच्या कंदांची कुरणं भिजवत होते. १८६३मध्ये लष्कराने सुमारे हजार पायूटांना हाकलत दक्षिणेकडे फोर्ट तेहोनला नेलं. त्यातले बरेच जण पुढे परतले, पण पाट आणि जमिनी दुसऱ्यांच्या झाल्या होत्या. त्याच पाण्यावर मग सफरचंद आणि पेअरच्या बागा उभ्या राहिल्या.

१९०५च्या सुमारास लॉस एंजेलिसची नजर या खोऱ्यातल्या ओवेन्स नदीवर गेली. विल्यम मलहॉलंड या इंजिनिअरने बांधलेला जलमार्ग नोव्हेंबर १९१३मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे ३७५ किलोमीटर, आणि वाटेत एकही पंप नाही. पाणी उताराने आपलं आपण शहरात पोचतं. स्थापत्य म्हणून त्याला दाद द्यावीच लागते. नदीचं पाणी तुटल्याने ओवेन्स सरोवर मात्र पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आटलं. त्याच्या कोरड्या तळावरून उठणारी क्षारांची धूळ कित्येक वर्षं अमेरिकेतल्या सर्वांत वाईट धूळप्रदूषणात मोडत होती. ती दाबण्यासाठी शहराला आजवर दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च करावा लागला आहे. त्यासाठी तळाचा काही भाग पुन्हा ओला ठेवतात, आणि तिथे स्थलांतरी पक्षी परत उतरू लागले आहेत.

वस्ती का वाढली नाही, याचं उत्तर सातबाऱ्यावर सापडतं. काउंटीतली दोन टक्क्यांहूनही कमी जमीन खासगी मालकीची आहे. बहुतेक सगळी केंद्र सरकारची, आणि खोऱ्यातली मोक्याची सुमारे अडीच लाख एकर लॉस एंजेलिसच्या पाणी-वीज खात्याची. घर बांधायचं तर कुठे?

गैरसमज: शहराने पाणी चोरलं.

१९७४च्या ‘चायनाटाउन’ या चित्रपटाने हा समज घट्ट केला. चित्रपट उत्तम, पण तो इतिहास नव्हे. त्याचं कथानक १९३०च्या दशकात घडतं आणि पात्रं काल्पनिक आहेत. प्रत्यक्षात रीतसर खरेदीखतं झाली. लबाडी त्याच्या आधीच्या पायरीवर होती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन जमिनींचे सौदे करत फिरत होते, आणि शेतकऱ्यांना वाटत होतं की हे सगळं केंद्र सरकारच्या सिंचन योजनेसाठी चाललंय. खरा प्रकार कळल्यावर खोरं पेटलं. १९२४मध्ये जलमार्गाला सुरुंग लावले गेले, त्याच नोव्हेंबरात लोकांनी पाण्याचे दरवाजे ताब्यात घेऊन चार दिवस पाणी सोडून दिलं. १९२७मध्ये चळवळीच्या पुढाऱ्यांचीच बँक बुडाली आणि लढा संपला. ही तारीख वाचताना मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या विजेसाठीच्या धरणाविरुद्धचा तो लढाही त्याच दशकातला.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. शहराने जमीन अडवून ठेवली नसती, तर या खोऱ्यात आज मॉल आणि बंगल्यांच्या रांगा असत्या. पर्यटक ज्या मोकळ्या आकाशाचं कौतुक करतात, ते शहराच्या हव्यासाचं उप-उत्पादन आहे. पायूटांच्या जमिनींची शहराने १९३०च्या दशकात केंद्र सरकारशी अदलाबदल केली. पाण्याच्या हक्काचा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला, तो अजून तिथेच आहे.

गैरसमज: मॅन्झानारला शत्रुराष्ट्राचे कैदी ठेवले होते.

रस्त्याकडेला एक टेहळणी मनोरा दिसतो आणि गाड्या पुढे जातात. थांबावं. मार्च १९४२पासून नोव्हेंबर १९४५पर्यंत इथल्या बराकींत जपानी वंशाच्या लोकांना डांबलं होतं. एका वेळी दहा हजारांहून जास्त. त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. कुणावरही खटला चालला नव्हता. त्यांनी काटेरी तारेच्या आत दगड रचून, पाणी खेळवून बागा केल्या. त्या बागांचे अवशेष पुन्हा मोकळे केले आहेत. १९६९पासून दरवर्षी तिथे स्मरणयात्रा निघते.

छावणी इथेच का? कारण जागा शहराच्या मालकीची आणि रिकामी होती. रिकामी का होती? कारण तिथलं सफरचंदाच्या बागांचं गाव शहराने पाण्यासाठी विकत घेऊन उठवलं होतं. आणि त्या गावाआधी तिथे पायूट राहत होते. म्हणजे त्याच एका जागेवरून, किंवा जागेवर, आठ-नऊ दशकांत तीन समाजांना हलवलं गेलं. माझ्या मते काउंटीतलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण हेच. व्हिटनी शिखर त्यानंतर.

गैरसमज: डेथ व्हॅली म्हणजे निर्जीव वाळू.

वाळूच्या टेकड्यांनी दरीचा एक टक्का भागही व्यापलेला नाही. बाकी मीठ, खडक, रंगीत माती आणि डोंगर. त्यातलं टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटरचं, हिवाळ्यात बर्फाने पांढरं. ‘मृत्यूची दरी’ हे नाव १८४९मध्ये सोन्याच्या मागे निघून वाट चुकलेल्यांनी दिलं. त्या वेळी दरीत एकाच माणसाचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. टिम्बिशा शोशोनी लोकांना हे नाव मान्य नाही, आणि ते रास्तच आहे. ते हिवाळा दरीत काढत, उन्हाळ्यात वर डोंगरात जात आणि मेस्किटच्या शेंगा दळून खात. मेस्किट म्हणजे आपल्याकडे माजलेल्या वेड्या बाभळीचा भाऊबंद. १९३३मध्ये त्यांच्या भूमीवर संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. स्वतःच्या जमिनीचा काही भाग परत मिळायला २००० साल उजाडलं. फर्नेस क्रीकजवळ त्यांची वस्ती आजही आहे.

उन्हाचा विक्रम खरा धरला जातो: १० जुलै १९१३, ५६.७ अंश सेल्सिअस. काही हवामानतज्ज्ञांना त्याबद्दल शंका आहे. पाऊस वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. पण २० ऑगस्ट २०२३ला वादळाने एका दिवसात वर्षभराचा पाऊस ओतला, बॅडवॉटरच्या खोलगटात तळं साचलं आणि पुढच्या फेब्रुवारीत लोक तिथे होडी वल्हवत होते.

गैरसमज: अलाबामा टेकड्या सिएराहून पुरातन आहेत.

लोन पाइनजवळच्या या गोलसर टेकड्या म्हाताऱ्या दिसतात, एवढंच. खडक सिएराच्याच वयाचा. झीज वेगळ्या तऱ्हेने झाली. १९३९च्या ‘गंगादीन’मधला वायव्य सरहद्द प्रांत हॉलिवूडने याच टेकड्यांत उभा केला होता.

गैरसमज: एका फेरीत सगळं बघून होतं.

४,४२१ मीटरचं व्हिटनी आणि समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवरचं बॅडवॉटर यांच्यात सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही अंतर नाही, म्हणून हा मोह होतो. पण दरी बघायची नोव्हेंबर ते मार्चमध्ये, आणि तेव्हा वरचे रस्ते बर्फाने बंद. व्हिटनीचा परवाना सोडतीने मिळतो. व्हाइट पर्वतातली ब्रिसलकोन पाइनची झाडं, ज्यांतल्या मथुसेलाचं वय ४,८०० वर्षांहून जास्त आहे, साधारण मेअखेर ते ऑक्टोबर एवढीच गाठता येतात. मथुसेलावर पाटी नाही. ते कोणतं झाड, हे वनखातं मुद्दाम सांगत नाही. खेचरांचा उत्सव बघायचा तर मे महिन्याच्या शेवटी बिशपमध्ये असावं लागेल. दोन्ही टोकं एका दौऱ्यात बसवायचीच असतील, तर त्यातल्या त्यात ऑक्टोबर बरा. रात्री वर कडाक्याची थंडी असते, गरम कपडे न्यावेत.