तळ्याचा धनी, देवाचं छत्र

अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याची दर्शनी कमान पाहून लोक थेट आत शिरतात. त्याआधी बाहेरच्या बाजूच्या भिंतीकडे जरूर पाहावं. तिथे नागराजा ऐसपैस बसलाय. डोक्यामागे सात फण्यांचं वलय आहे. शेजारी बसलेल्या राणीच्या डोक्यावर एकच फणा. अंगावर दागिने, चेहऱ्यावर राजाची निश्चिंती. विषाचा मागमूसही नाही.

बुद्धाच्या दारात हा का बसला? त्याचं मूळ पाण्यात आहे. मथुरेच्या संग्रहालयात छरगावची नागमूर्ती आहे, कुषाण राजा हुविष्काच्या काळातली, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. माणसाहून उंच, उजवा हात डोक्यावर उगारलेला, वेटोळी पाठीमागूनही कोरलेली. दोघा मित्रांनी ती आपल्या तळ्यावर बसवली, असं तिच्यावरचा लेख सांगतो. त्यात नागाला ‘भगवान’ म्हटलंय. हा कुणाचाही सेवक नाही. पाणी त्याचं, म्हणून पाऊसपीकही त्याच्याच मर्जीवर.

गावोगावच्या अशा धन्याला हुसकून लावणं कुठल्याच धर्माला परवडणारं नव्हतं. मग त्याला सामावून घेतलं गेलं, आणि तेही सगळीकडे एकाच वेळी नव्हे. छरगावच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वीच्या भारहुत स्तूपाच्या शिल्पात एलापत्र नाग पाण्यातून वर येऊन बुद्धापुढे गुडघे टेकतो. पुढे मुचलिंद नाग बुद्धावर फणा धरतो, धरणेंद्र नाग जैन तीर्थंकर पार्श्वनाथांवर. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, इ.स. ५७८ मध्ये, विष्णू अनंत नागाच्या वेटोळ्यांवर बसतो. तळ्याचा धनी देवाचं छत्र झाला, आसन झाला. कालिया नागाच्या वाट्याला तर डोक्यावर नाचणारी पावलं आली, पण कृष्णानेही त्याला मारलं नाही, यमुनेतून समुद्राकडे धाडलं.

याला नागाचा पराभव म्हणणं मला पटत नाही. अजिंठ्यातच पाहा. वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचं लेणं कोरवलं. त्याच्या लेखात नागराजाच्या निवासस्थानाचाही उल्लेख आहे, आणि जिन्याच्या वाटेवर नाग कोरलेला आहे. खाली वाघूर नदी वाहते. पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्खूंना त्या पाण्याच्या मालकाशी सलोखा हवाच होता.

दख्खनच्या गावांत पिंपळाखाली आजही नागशिळा दिसतात. एकमेकांना विळखा घातलेली जोडी, त्यावर हळदकुंकू. मूल व्हावं म्हणून बायका तिथे नवस बोलतात, आणि पुष्कळदा त्या फण्याखाली दुसरा कुठलाही देव बसलेला नसतो.